जास्तीच्या चार सुया

लघवीची तक्रार असलेला पुरुष दवाखान्यात येतो तो दुसऱ्याच कुठल्या तरी दुखण्याचं नाव घेऊन. बुलढाण्यात मी दवाखाना टाकला तेव्हा पहिल्या वर्षातच हे माझ्या ध्यानात आलं. कुणी गुडघा दाखवायला यायचा, कुणी डोकं. एक गृहस्थ शेजाऱ्यासाठी औषध मागायला तीनदा आले. चौथ्यांदा लघवी अडकून कळवळत आले, तेव्हा शेजारी म्हणजे ते स्वतःच निघाले. त्या मानानं देऊळघाटच्या सोनाजीभाऊंचा केस पेपर लिहायला मला एक मिनिटही लागलं नाही. खुर्चीत बसायच्या आधीच ते म्हणाले, "डाक्टरसायब, सकायपासून धार नाई. बसलो, उठलो, पान्याचा आवाज आयकला. काहीच नाई."

दीड एकर ओलिताचा तुकडा, त्यात वांगी, मेथी, मिरची, आणि आठवडी बाजारात ठरलेली बसायची जागा, असा त्यांचा संसार. वय साठीच्या पुढे, अंगानं काटक. सोबत त्यांची बायको पार्वताबाई. गल्लीतल्या लोकांनी त्यांना अकोल्याला जायला सांगितलं होतं. त्यामागचं एक कारण दुखण्याशी संबंधित नव्हतं. मी उंद्रीचा. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबायचे आणि आम्ही बौद्ध झालो त्या वर्षी मी मॅट्रिकला होतो. नागपूरला शिकून सर्जन होऊन आलो तरी माझं आडनाव विचारून काही पेशंट पायरीवरून परत फिरत. हे मी तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून सांगतो. सोनाजीभाऊंनी ना आडनाव विचारलं, ना अकोल्याची वाट धरली. अकोल्याला पोचेपर्यंत फुगा फुटेल, एवढंच ते म्हणाले. रबरी नळी घालून मी लघवी मोकळी केली. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि नंतर टेबलावर पडल्या पडल्याच मला हात जोडले. आमच्या धंद्यात इतक्या झटपट मिळणारं पुण्य दुसरं नाही.

खरं काम त्यानंतरचं होतं. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी सुपारीएवढी एक ग्रंथी असते, प्रोस्टेट. उतारवयात ती बहुतेकांची वाढते आणि त्यात फारसं काही वाईट नसतं. गुदद्वारातून बोट घालून ती तपासता येते. नाकाच्या शेंड्यासारखी लवचिक लागली तर डॉक्टर निश्चिंत होतो. सोनाजीभाऊंची ग्रंथी कपाळासारखी टणक लागली. एक्स-रे काढला तर कमरेच्या हाडात पांढरे डाग. कॅन्सर होता, आणि तो मूळ जागा सोडून हाडात उतरला होता.

हा कॅन्सर पुरुषी रसावर जगतो. तो रस तोडला की आजार उपाशी पडतो आणि बराच काळ मुकाट राहतो. त्यासाठी त्या काळी दोनच गोष्टी हातात होत्या. वृषण काढून टाकायचे, आणि बायकांच्या शरीरात असतो तो रस गोळ्यांमधून द्यायचा. हे एका बागाईतदाराला त्याच्या बायकोसमोर सांगायचं काम मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मी जमेल तसं सांगितलं. सोनाजीभाऊ भिंतीकडे बघत राहिले. पार्वताबाईंनी विचारलं, "काढलं तं जगतीन का?"

काही वर्षं नक्की, असं मी म्हणालो.

"मंग काढा. आमाले आता कोनतं लगन करायचं आहे?"

सोनाजीभाऊ ओशाळं हसले आणि सहीसाठी अंगठा पुढे केला. ऑपरेशन अर्ध्या तासाचं होतं. ते दुष्काळाचं वर्ष होतं, त्यांची विहीर तळाला गेली होती, त्यामुळे विश्रांती घ्या हे मला वेगळं सांगावं लागलं नाही. पुढची दोन-अडीच वर्षं माणूस ठणठणीत राहिला. गोळ्यांनी छाती बायकांसारखी सुजली, तेवढा एक त्रास. पूर्वी उघड्या अंगानं पिकाला बारं देणारा हा माणूस भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून पाणी फिरवू लागला. गावात कारण विचारलं तर ऊन लागतं म्हणून सांगायचा. मला मात्र सदरा काढून दाखवला आणि हे इथंच थांबेल ना, असं विचारलं. मी थांबेल म्हणालो, आणि ते थांबलंही.

मग पाठ दुखू लागली. कॅन्सरनं त्या रसावाचून जगायचं शिकून घेतलं होतं. ते होतंच कधीतरी. मी गोळ्या वाढवल्या, उपयोग झाला नाही. त्यांचा मुलगा भास्कर संग्रामपूरकडे प्राथमिक शाळेत मास्तर होता. तो त्यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला आणि तिथल्या डॉक्टरांचं माझ्या नावचं पत्र घेऊन परतला. पेशी मारणारं एक नवं औषध दर आठवड्याला शिरेतून द्यावं, दर वेळी आधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्यात, त्या फार उतरल्या तर आठवडा सोडावा, असं त्यात लिहिलं होतं. आता केमोथेरपी हा शब्द पानाच्या ठेल्यावरही ऐकू येतो. तेव्हा जिल्ह्यात असं इंजेक्शन देणारे आम्ही किती होतो कोण जाणे. मी तरी पहिल्यांदाच देत होतो.

देऊळघाटहून दर रविवारी ते येत. भास्कर शनिवारीच एसटीनं घरी आलेला असे. बोटातून रक्त घेऊन मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायचो, मग शीर शोधून औषध हळूहळू सोडायचो. मूत्राशय जळू नये म्हणून दिवसभर पाणी प्यायला लावायचो. भास्करनं एक वही घातली होती. ताप, भूक, दुखणं, सगळं तारीखवार. हे इंजेक्शन म्हणजे त्याच्या लेखी वडिलांना मिळालेली शेवटची गाडी होती आणि ती चुकू नये म्हणून तो शंभर किलोमीटर धावत यायचा.

पहिले दोन महिने गुण आला. पाठीचं दुखणं उतरलं. केस गेले, मिशी विरळ झाली, पण सोनाजीभाऊ मळ्यात जाऊ लागले. मी मुंबईला आनंदानं पत्र लिहिलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटत होतं. अकोल्याचे मोठे डॉक्टर जे करत नव्हते ते मी करत होतो.

नवव्या सुईच्या वेळी त्यांनी डाव्या बरगडीवर हात ठेवला. इथं नवीन ठणका लागतो म्हणाले. दाबून पाहिलं तर हाड दुखत होतं. वजन दोन किलो उतरलेलं, डोळ्यांचा रंग फिका. एक्स-रे काढला. बरगडीत डाग होता आणि पाठीच्या मणक्यात दोन नवे होते.

औषध चालू असताना आजार पुढे सरकतो, याचा अर्थ अवघड नाही. ते औषध आता हरलेलं असतं. पेशी मोजून, शिरा शोधून, आठवड्याला एक दिवस माणसाला वांत्या करायला लावून आपण त्याला फक्त थकवत असतो. अशा वेळी थांबायचं आणि पुढे काय ते बघायचं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण त्या रविवारी सोनाजीभाऊ बाही वर करून बसले होते, भास्कर वही उघडून उभा होता. थांबलो तर पुढे काय, याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मी मनाशी म्हणालो, एवढ्यावरून ठरवू नये, अजून थोडं बघू. एक्स-रे मी पाकिटात परत घातला. भास्करनं विचारलं, तेव्हा फोटो ठीक आहे म्हणालो. आणि सुई दिली.

तशा चार दिल्या. चार रविवार.

पाचव्या रविवारी ते दवाखान्याच्या दारातून आत आले आणि त्यांची उजवी चप्पल मागेच राहिली. त्यांना ते कळलं नव्हतं. पार्वताबाईंनी चप्पल उचलून आणली, पायापाशी ठेवली, त्यांनी खाली बघून पाय घातला. त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. मला मात्र हातातलं काम सोडावं लागलं.

टेबलावर निजवून मी त्यांना टाचणीनं तपासलं. बेंबीच्या खाली टोचलेलं धड कळत नव्हतं. गुडघ्यावर हातोडी टेकताच पाय उडत होते. मणक्यातली गाठ आतल्या मज्जारज्जूवर दाब देत होती. हा दाब वेळेत काढला तर पाय वाचतात. एकदा पाय पूर्ण गेले की सहसा परत येत नाहीत. यात हिशेब दिवसांचा नसतो, तासांचा असतो.

सूज उतरावी म्हणून मी कॉर्टिझोनच्या जातीतलं इंजेक्शन लगेच दिलं. ओळखीच्या एका ठेकेदाराची जीप मागवली, दवाखान्याला कुलूप लावलं आणि त्यांच्याबरोबर निघालो. राजूरचा घाट उतरताना प्रत्येक वळणाला मी त्यांची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मलकापूरहून रेल्वेनं पहाटे नागपूर. तिथं माझ्या जुन्या सरांच्या हाताशी कोबाल्टचं यंत्र होतं. त्यातून निघणारे किरण नेमक्या जागेवर सोडून गाठ आक्रसवतात. सरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, कोपऱ्यातली तारीख वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. त्याच दिवशी त्यांनी पहिला शेक दिला.

दहा शेक झाले. डाव्या पायात ताकद आली. उजवा ओढत राहिला. काठी आणि एका माणसाचा खांदा असला तर सोनाजीभाऊ वीस-पंचवीस पावलं टाकत. लघवीची नळी कायमची राहिली.

ते घरी परतल्यावर मी मुंबईला सगळं खरं लिहिलं आणि आता काय करता येईल ते विचारलं. उत्तर आलं. ते खिशात घालून मी एका सकाळी स्कूटरवर देऊळघाटला गेलो. सोनाजीभाऊ ओसरीवर बाजेवर होते. पार्वताबाई वांगी निवडत होत्या. भास्कर शाळेतून रजा काढून आला होता. चहा झाला. मी म्हणालो, पुढचं सांगायच्या आधी मागचं एक सांगायचं आहे.

मग सांगितलं. नवव्या सुईच्या वेळीच मला दिसलं होतं की औषध चालत नाही. तेव्हाच थांबून मणक्याला शेक द्यायला पाठवलं असतं तर पायांवर ही वेळ बहुधा आली नसती. फोटो ठीक आहे हे मी खोटं बोललो. चार सुया मी उगाच दिल्या.

भास्कर उठला आणि अंगणात जाऊन पाठमोरा उभा राहिला. पार्वताबाईंच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. "मंग तवा काऊन नाई सांगतलं?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"पुढं काय करायचं ते मला सुचत नव्हतं, म्हणून," मी म्हणालो. याहून बरं उत्तर मला अजूनही सापडलेलं नाही.

सोनाजीभाऊंनी उजवा पाय हातानं सरळ केला. मग म्हणाले, "चप्पल दोन हप्त्यापासून निसटून राह्यली होती, डाक्टरसायब. मले समजत होतं. सांगतलं तं तुमी सुया बंद करसान, पोरगं हाय खाईन, म्हनून मीबी गप राह्यलो."

ते मला सोडवण्यासाठी हे बोलले असं पुष्कळ दिवस मला वाटे. आता तसं वाटत नाही. डॉक्टर जे झाकतो ते पेशंटला दिसतं आणि मग तोही झाकायला लागतो. टाचणी घेऊन मी दर रविवारी त्यांचे पाय तपासायला हवे होते. मी तपासत होतो फक्त रक्त.

भास्कर परत आत येऊन खांबाला टेकून उभा राहिला. मग मी मुंबईचं पत्र उघडलं आणि त्यातलं सगळं एकेक करून त्यांच्यापुढे ठेवलं. पेशी मारणारं दुसरं एक औषध होतं. त्यानं थोड्यांना फरक पडतो, ते थोडे कोण हे आधी कळत नाही, आणि वांत्या, अशक्तपणा हे सगळ्यांनाच होतं. मुंबईत एक ऑपरेशन होत होतं, मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी काढून टाकायचं. उरलासुरला रस त्यानं तुटतो, काहींचं दुखणं झटकन थांबतं, पण एवढं ऑपरेशन या शरीराला सोसेल याची खात्री मी देऊ शकत नव्हतो. कॉर्टिझोनच्या गोळ्या होत्या. रोज घ्यायच्या, भूक लागते, दुखणं काही दिवस हलकं होतं. नवीन हाड दुखायला लागलं तर तेवढ्यापुरता नागपूरला शेक घेता येत होता. आणि दुखण्यावर अफूच्या जातीचं औषध होतं, ते मी स्वतः आणून देणार होतो. यातल्या कशानंही आजार जाणार नव्हता. हेही सांगितलं.

भास्करला दुसरं औषध हवं होतं. मुंबईला मी स्वतः घेऊन जातो, नोकरी गेली तरी चालेल, असं तो म्हणाला. सोनाजीभाऊंनी त्याला बोलू दिलं. मग मला विचारलं, "त्या सुईनं पाय येतीन का?"

"नाही."

"आन् तिच्यापायी बाजेवरच पडून राहीन?"

"आठवड्यातले तीन-चार दिवस तरी."

"मंग मले बाजारात बसता यईन असं काई करा. बाकीचं राहू द्या."

भास्कर त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. मी निघताना पार्वताबाईंनी पिशवीत वांगी घालून दिली. घ्यावीत की नाही कळेना. घेतली.

कॉर्टिझोननं सोनाजीभाऊंची भूक परत आली. उजव्या मांडीत ठणका सुरू झाला तेव्हा एकदा नागपूरला जाऊन दोन शेक घेतले आणि तो थांबला. बरगडीसाठी मॉर्फिनचं पातळ औषध मी बनवून देत होतो. पार्वताबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घड्याळाच्या काट्यांचं चित्र काढून मी त्यांना वेळा दाखवल्या. चार महिन्यांत एकही चमचा चुकला नाही. गावात कुणीतरी त्यांना सांगितलं, अफूनं माणूस बिघडतो. त्यांनी मला विचारलं, आणि मी म्हणालो की या औषधाची त्यांना सवय लागली तर लागू द्या. त्या बरं म्हणाल्या आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

पाच बाजार ते बसले. पुतण्या बैलगाडीतून आणून त्यांच्या नेहमीच्या जागी तक्क्याला टेकून बसवायचा. नळीची पिशवी सतरंजीखाली, डोक्याला रुमाल, समोर वांग्यांचा ढीग. तागडी पार्वताबाई धरायच्या, भाव सोनाजीभाऊ सांगायचे. एका बाजारी मी तिथं गेलो तर ते एका गिऱ्हाइकावर तापले होते. तो वांग्याला नख लावून बघत होता. "घ्यायचं अशीन तं घ्या, टोचू नोका, तेबी जिवंत आहे," असं त्याला बजावून ते माझ्याकडे वळले. शेजारच्या कांदेवाल्याला माझी ओळख करून दिली.

"हे आमचे डाक्टर. याइचं चुकलं तं सांगून देतात."

कांदेवाला हसला. त्याला ती चेष्टा वाटली. मला प्रशस्तिपत्रं फार मिळाली नाहीत, मिळाली त्यांतलं हेच मी जपलं आहे, आणि ते कुठं टांगता येत नाही.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी ते गेले. दोन दिवस गुंगीत होते. दुखत नव्हतं. मी पोचलो तेव्हा पार्वताबाई उशाशी बसल्या होत्या आणि भास्कर बापाचा उजवा पाय मांडीवर घेऊन चोळत होता. तो पाय केव्हाचा बधिर होता. मी त्याला तसं सांगितलं नाही. प्रत्येक खरं सांगायलाच हवं असं नसतं, एवढं तोवर मला उमगलं होतं.

तेरावं झाल्यावर भास्कर दवाखान्यात आला. बाकावर बसला नाही. उभ्यानंच विचारलं, "नवव्या सुईले थांबले असते, तं बाबा चालले असते का?"

"बहुतेक हो," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. त्याची ती वही त्याच्या हातात होती. मला वाटलं, तो ती माझ्या टेबलावर ठेवेल. त्यानं ती पिशवीत घातली आणि स्टँडकडे निघून गेला.

तो स्वतः पुन्हा माझ्या दवाखान्यात कधी आला नाही. पण दोनेक वर्षांनी संग्रामपूरच्या बाजूचे पेशंट येऊ लागले. खामगाव, अकोला सोडून इतक्या लांब कशाला आलात, असं मी पहिल्याला विचारलं. त्यानं बंडीच्या खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून दिली. पुढे मी निवृत्त होईपर्यंत तशा बऱ्याच आल्या. मास्तरांचं वळणदार अक्षर, वर पेशंटचं नाव, गाव, काय दुखतं ते. माझ्यासाठी ना नमस्कार, ना विचारपूस. खाली दर वेळी दोनच शब्द असत: स्पष्ट सांगावे.